एक आणि एक्का

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्वेला, उमदी-संखच्या बाजूला, बाजारात कानडी आणि मराठी एकमेकींत मिसळून ऐकू येतात. त्या पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षं होते. मराठी शिकवणं माझ्या आवडीचं. इंग्रजी माझ्याकडे आलं ते २००० साली, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा. त्याआधी मराठी शाळांत इंग्रजीची ओळख पाचवीत व्हायची. मीही पाचवीतच एबीसीडी गिरवली होती आणि प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून तो पाठ केला होता. माझं सगळं इंग्रजी असं देवनागरीच्या गाळणीतून आलेलं होतं, आणि त्या गाळणीत काय अडकून राहिलं ते मला ठाऊकच नव्हतं.

ते मला चौथीतल्या एका मुलीनं दाखवलं.

त्या दुपारी टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली होती. त्यातली बाई एक शब्द म्हणे, थांबे, आणि मग मुलांनी तो म्हणायचा. एक जोडी आली. मिळणं या अर्थाचा ‘गेट’ आणि फाटक या अर्थाचा ‘गेट’. स्पेलिंग वेगळं, एवढंच मी फळ्यावर दाखवलं होतं. वर्गानं दोन्हीला ‘गेट, गेट’ म्हटलं, मीही म्हटलं. दुसऱ्या रांगेतली ती मुलगी म्हणाली, “बाई, ती दोन येगळं म्हणतीया. तुम्ही येकच म्हणताय.”

मी कॅसेट मागे नेली. पुन्हा ऐकलं. मला फरक कळेना. तिसऱ्यांदा ऐकलं, तरी नाही. तेव्हा तिनं मला समजावलं, “पयलं बेळे, दुसरं बेऽळे.” घरी कानडी बोलणाऱ्या बाकीच्या पोरांनी लगेच माना डोलावल्या. कानडीत बेळे म्हणजे शेतातलं पीक, आणि ए लांबवून म्हटलं तर ती डाळ. तुरीचं पीक आणि तुरीची डाळ यांत त्यांच्या घरात रोज फरक होतो, आणि तो फक्त त्या ए-च्या लांबीनं होतो. कानडी लिपीत या दोन ए-साठी दोन अक्षरं आहेत. माझ्या बाराखडीत एकच मात्रा. कानडी घरातल्या त्या मुलीला जे सहज ऐकू येत होतं, त्याला माझ्या कानात जागाच नव्हती.

त्या रात्री मी वहीत मराठी माणूस एकसारखे उच्चारतो असे शब्द लिहीत बसले. दुकानातला सेल आणि घड्याळातला सेल. थांबण्याचा वेट आणि ओल्याचा वेट. चवीचा टेस्ट आणि रक्ताची टेस्ट. तारखेचा डेट, आणि कर्जाचा डेट, ज्यातलं बी लिहायचं पण बोलायचं नाही. मेन रोडचा मेन आणि पुरुषांचा मेन. मिऱ्याचा पेपर आणि वाचायचा पेपर. पान भरलं तरी शब्द संपेनात. इंग्रज कानाला यातली प्रत्येक जोडी स्पष्ट वेगळी आहे. शिवाय फाटकवाल्या ‘गेट’मधला स्वर नुसता लांबच नसतो, शेवटी तो किंचित ‘इ’कडे वळतो.

आपल्याकडे हे का नाही, याचं उत्तर मला व्याकरणातच सापडलं. संस्कृतात अ, इ, उ, ऋ यांना ह्रस्व आणि दीर्घ अशी दोन रूपं आहेत, पण ए, ऐ, ओ, औ हे स्वर सदा दीर्घच. त्यांना ह्रस्व रूप नाही. आपली बाराखडी तिथूनच आली. मात्रा मोजायचं शास्त्र मात्र आपल्याकडे फार जुनं. ह्रस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, प्लुताच्या तीन, हे पाणिनीनं एका छोट्या सूत्रात बसवलं, आणि त्या सूत्रातला उ-ऊ-ऊऽ म्हणजे कोंबड्याची बांग, असं परंपरा सांगते. शिक्षाग्रंथांत, म्हणजे उच्चार शिकवणाऱ्या जुन्या ग्रंथांत, तर मोजमापाला पशुपक्षीच घेतले आहेत. चाष म्हणजे नीळकंठ पक्षी एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन, आणि मुंगूस अर्धी. मला हे फार आवडतं. मोजपट्टी नव्हती तेव्हा कान होता, आणि कानाला ओळखीचे आवाज होते. मग मुलांना शिकवायला मीही ओळखीचाच आवाज का घेऊ नये, असं वाटलं.

बरेच दिवस मी तो आवाज शोधत होते. तो पत्त्यांत सापडला. गावात झाडाखाली म्हातारी माणसं पत्ते खेळत बसलेली, आणि कोणीतरी जोरात ओरडलं, “एक्का!” मी चालता चालता थांबले. ‘एक’ म्हणताना ए लांब असतो. ‘एक्का’ म्हणताना तोच ए आखडतो, कारण पुढचा जोड क त्याला पसरू देत नाही. म्हणजे तोकडा ए माझ्या तोंडात जन्मापासून होता! फक्त त्याला वेगळं अक्षर नव्हतं, म्हणून मी त्याला कधी वेगळा मानलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना आधी ‘एक, एक्का, एक, एक्का’ म्हणायला लावलं. मग म्हटलं, मिळण्याचा गेट एक्क्यासारखा आणि फाटकाचा गेट एक-सारखा. मराठी घरातल्या मुलांना दहा मिनिटांत फरक ऐकू यायला लागला. मलाही आला. कॅसेट लावली तर कालपर्यंत एकच वाटणारे दोन शब्द स्वच्छ दोन झाले होते. पन्नाशीला आलेल्या माणसाच्या कानात एक नवा स्वर उमटणं ही काय गोष्ट आहे, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

यातून एक धागा हाती लागला. मिऱ्याच्या ‘पेपर’मध्ये मधे दोन पी आहेत आणि वाचायच्या ‘पेपर’मध्ये एकच. जोड पी, तिथे ए तोकडा. सुटा पी, तिथे लांब. अगदी एक्का आणि एक. इंग्रजीत अशा जोड्या ढिगानं आहेत. जेवणाच्या ‘डिनर’ला दोन एन, म्हणून ‘डि’. जेवणाऱ्या ‘डायनर’ला एकच एन, म्हणून ‘डाय’. आशेवरून झालेल्या ‘होपिंग’ला एक पी आणि लंगडी घालण्याच्या ‘हॉपिंग’ला दोन. बोलताना ते जोड व्यंजन आता दुहेरी उच्चारत नाहीत. ते तिथे फक्त आधीचा स्वर आखूड आहे एवढं सांगायला उभं आहे.

हे कळलं आणि मला मराठी शुद्धलेखनाचा नियम आठवला. मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम १९६२ पासून आपण शिकवतो, त्यातला एक असा की मराठी शब्दांत अनुस्वार किंवा जोडाक्षर यांच्या आधीचे इकार-उकार साधारणपणे ह्रस्व असतात. किल्ला, कुस्ती, विस्तव, पुष्कळ, मुक्काम. चिंच, खुंटी, डाळिंब. आमच्या जतच्या माळावर डाळिंबाच्या बागा, त्यामुळे ते उदाहरण मी नेहमी द्यायची. इतकी वर्षं हा नियम मी मार्कांसाठी शिकवला. पाठ करा, परीक्षेत लिहा. पण तो नियम कागदावर जन्मलेला नाही, तो तोंडाचा आहे. जोड व्यंजनात जीभ अडते, तिथे वेळ जातो, म्हणून आधीचा स्वर आपलं अंग चोरून घेतो. मराठी जिभेचं हे वळण इंग्रजी जिभेलाही कधीकाळी होतं. ‘कीप’चं भूतकाळी रूप ‘केप्ट’. ‘फाइव्ह’ पण ‘फिफ्टी’. ‘वाइज’ पण ‘विज्डम’. पुढे दोन व्यंजनं एकत्र आली की आधीचा लांब स्वर आखडला. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराला हे सगळं बोलण्यात घडून गेलं, आणि त्याची खूण या शब्दांत राहिली.

मग तो मुका ई. इंग्रजीच्या वर्गात याला जादूचा ई म्हणतात. ‘कॅप’ला शेवटी ई लावला की ‘केप’, ‘किट’चं ‘काइट’, ‘कब’चं ‘क्यूब’. ई स्वतः बोलत नाही, पण मागच्या स्वराला बदलून टाकतो. मुलांना गंमत वाटते, आणि ती वाटावीच. मला मात्र तो ई कुठून आला हे जाणून घ्यायचं होतं. वाचत गेले तेव्हा कळलं की तो एके काळी बोलत होता. चौदाव्या शतकातल्या इंग्रज माणसाच्या तोंडी नावाला असलेला शब्द दोन अक्षरी होता, ‘ना-म’, शेवटी एक पुसटसा अ-सारखा स्वर. म्हणजे आज आपण ज्याला ‘नेम’ म्हणतो, तो शब्द त्या काळी लंडनच्या रस्त्यावर जवळजवळ ‘नाम’ असा ऐकू आला असता. आपलं नाम आणि त्यांचं नाम, एकाच आजीची नातवंडं! उंदराला ते ‘मूस’ म्हणत, संस्कृतातला मूष तो हाच. घराला ‘हूस’. वेळेला ‘टीम’सारखं काहीतरी. मग साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतले सगळे लांब स्वर तोंडात जागा सोडून सरकले. आ वर चढत ‘ए’ झाला, ए ‘ई’ झाला, आणि सगळ्यांत वर असलेल्या ई-ला आणखी वर जागाच नव्हती, म्हणून तो फुटून ‘आय’ झाला. ऊ फुटून ‘आउ’. आखूड स्वर मात्र बहुतेक जागच्या जागी राहिले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडितानं या सरकण्याला स्वरांचं महापरिवर्तन म्हटलं.

आणि याच काळात, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला. स्वर चालतच होते, पण खिळे जुळवले गेले आणि स्पेलिंगं हळूहळू तिथेच थिजली. म्हणून आज ‘ए’ या एका अक्षराचा आखूड आवाज ‘ॲ’ आणि लांब आवाज ‘एइ’. ‘आय’चा आखूड ‘इ’ आणि लांब ‘आइ’. एकाच अक्षराचे ह्रस्व आणि दीर्घ असे शाळेत शिकवतात, पण ऐकताना त्यांचं एकमेकांशी नातंच दिसत नाही. नातं होतं, सहाशे वर्षांपूर्वी. आपल्या मुलांना ‘लाँग ए, शॉर्ट ए’ म्हणून ते नातं गृहीत धरून शिकवलं जातं, आणि मूल बिचारं गोंधळतं, कारण त्याच्या बाराखडीत ह्रस्व आणि दीर्घ हे खरोखरच शेजारी असतात.

पण मला सांगायचंय ते मुक्या ई-बद्दल. तो मुका होण्याआधी ‘ना-म’मध्ये पहिलं अक्षर मोकळं होतं, त्याच्या पुढे अडसर नव्हता, म्हणून तिथला स्वर लांबला. मग शेवटचा ई गळला, स्वर मात्र लांबच राहिला. आता आपलं ‘फूल’ घ्या. लिहिताना शेवटी ल पूर्ण आहे, त्यात अ आहे. बोलताना तो अ कोण म्हणतं? ‘फूल्’. आपला शेवटचा अ इंग्रजी ई-सारखाच मुका आहे, आणि त्याच्या मागचा उ लांब आहे. घटना कोणत्या क्रमानं घडल्या ते दोन भाषांत सारखं नसेल, पण चित्र तेच. आणि त्या अ-ला पुन्हा वाचा फुटली, ‘फुलाला’ झालं, की उ आखडतो. मूल, मुलाला. गूळ, गुळाचा. गरीब, गरिबाला. शब्द लांबला की त्यातला स्वर आखडतो. इंग्रजीतही ‘होली’पासून ‘हॉलिडे’, ‘साउथ’पासून ‘सदर्न’, ‘नेचर’पासून ‘नॅचरल’. शब्दाला शेपूट आलं की मागचा लांब स्वर आवरून बसतो. पंचवीस वर्षं मी सामान्यरूपाचा नियम फळ्यावर लिहिला आणि इंग्रजी हे परकं, अडाण्यासारखं स्पेलिंगचं जंगल मानलं. दोन्ही ठिकाणी माणसाची एकच जीभ काम करते आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं.

‘शिप’ आणि ‘शीप’चं कोडं मात्र एवढ्यानं सुटत नाही. जहाज आणि मेंढी. मराठी माणसाची इथली अडचण वेगळीच आहे. ह्रस्व-दीर्घ इ आपल्याला लिहिता येतात, पण बोलताना आपण अर्थ बघत नाही, जागा बघतो. शेवटी व्यंजन आलं की त्याच्या आधीचा इ-उ आपण लांबच म्हणतो. गुण लिहितो आणि ‘गूण’ म्हणतो. विष लिहितो, ‘वीष’ म्हणतो. दिन आणि दीन यांत एक दिवस आहे आणि एक गरीब, पण डोळे मिटून ऐकलं तर सांगता येत नाही. म्हणून आपली ‘पिन’ची ‘पीन’ होते, ‘क्लिप’ची ‘क्लीप’ होते आणि जहाजाची मेंढी होते. तो निष्काळजीपणा नाही, मराठीचा नियम आपण इंग्रजीला लावतो, इतकंच.

सुरुवातीला मी मुलांना सांगायची, जहाज आखूड म्हणा, मेंढी लांब म्हणा. ते चुकीचं नव्हतं, पण पुरेसं नव्हतं. इंग्रजीत लांबी पुढच्या व्यंजनावरही ठरते. मारणं या अर्थाचा ‘बीट’ आणि मणी या अर्थाचा ‘बीड’ म्हणून बघा. ड-आधीचा ई बराच लांबतो, ट-आधीचा तुटतो. इतका, की बोली लावण्याच्या ‘बिड’मधला आखूड इ आणि ‘बीट’मधला लांब ई मोजायला गेलं तर जवळपास सारखेच भरतात. तरी इंग्रज माणूस त्यांत गोंधळत नाही. म्हणजे तो लांबी नव्हे, दुसरंच काही ऐकतो. इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांच्या १९१७ च्या उच्चारकोशात या दोन स्वरांना एकच चिन्ह होतं, लांबाच्या पुढे फक्त दोन ठिपके. पुढे त्याच कोशाचे नंतरचे संपादक गिमसन यांनी त्यांना वेगवेगळी चिन्हं दिली, कारण ते दोन वेगळे स्वर आहेत, एकाच स्वराची दोन मापं नाहीत.

मराठीत याला जोड आहे, आणि ती अ-आ ची. म्हणायला ह्रस्व आणि दीर्घ, पण ‘कळ’ कितीही ताणा, ‘कऽऽऽळ’ म्हणा, त्याचा ‘काळ’ होत नाही. तोंड वेगळं उघडावं लागतं. ‘दिन’ ताणला तर मात्र ‘दीन’ होतो. इंग्रजी इ-ई हे आपल्या अ-आ सारखे आहेत, आपल्या इ-ई सारखे नाहीत. हे मुलांना सांगितल्यावर मी त्यांना जहाज म्हणताना ओठ सैल सोडायला लावत असे, जीभ ढिली, इ म्हणता म्हणता किंचित ए-कडे कलायचं. मेंढीसाठी ओठ ताणायचे, हसल्यासारखे. काही मुलं आरशात बघून म्हणायची. एकानं घरून दाढीचा आरसा आणला होता, तो वर्गभर फिरला.

अपवाद आहेतच. ‘हॅव्ह’, ‘गिव्ह’, ‘लव्ह’ यांना शेवटी ई आहे आणि स्वर आखूडच, कारण जुन्या लेखकांना शब्द व्ही-वर संपवायचा नसे, म्हणून तो ई नुसता टेकूला लावला. ‘फूड’, ‘गुड’ आणि ‘ब्लड’ या तिन्हींत तेच दोन ओ आहेत आणि स्वर तीन. हे मी मुलांना पाठ करायला लावलं नाही. ऐका म्हटलं, आणि पुन्हा ऐका.

आता मी नोकरीतून मोकळी झाले आहे. नातू पुण्यात इंग्रजी शाळेत आहे, इंग्रजी कानानं शिकला आहे, सेल आणि सेल त्याला कधी एक वाटले नाहीत. त्याची अडचण मराठीची. दिवाळीत आला होता तेव्हा त्याच्या शाळेच्या वहीत लिहिलेलं होतं, ‘आजीने फूलाला पाणी घातले’. बाईंनी लाल रेघ मारली होती, पण का ते त्याला कळलं नव्हतं.

मी त्याला विचारलं, “कीप-चं पास्ट काय रे?”

“केप्ट.”

“कीप्ट का नाही?”

तो दोन्ही म्हणून बघू लागला, हळू, मग भराभर. “तसं म्हणायला जड जातं आजी.”

“मग फूऽलाला म्हण.”

त्यानं म्हटलं, थांबला, आणि ‘फुलाला’ म्हणाला. मग त्याला छंदच लागला. पूल? पुलावर. दूध? दुधात. मीठ? मिठाचा. वीज? विजेचा. घरातल्या एकेका वस्तूपाशी जाऊन तो विचारत होता आणि मी ओट्याशी चकल्या पाडत उत्तर देत होते. मग तो आतून ओरडला, “गीत?”

“गीताचा.”

“गि नाही?”

“नाही. तो संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, तो आपला ई सोडत नाही.”

थोडा वेळ आतून काहीच आवाज आला नाही. मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “म्हणजे मराठीतपण हॅव्ह आणि गिव्ह आहेत,” आणि ओट्यावरची एक गरम चकली उचलून घेऊन गेला.